फ्रीजमध्ये १६८ पिशव्या, तरीही तुटवडा: रुग्णांच्या आजारांवरून रक्तघटकांची मागणी कशी ठरते

विदर्भातल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी ३०० खाटांचे धर्मादाय रुग्णालय आहे असे धरू. त्याची स्वतःची रक्तपेढी आहे (२०२० पासून कागदोपत्री तिला रक्त केंद्र म्हणतात), रक्ताचे घटक (लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा) वेगळे करण्याचा परवाना आहे, एक एफेरेसिस यंत्र (दात्याच्या रक्तातून हवा तो घटकच काढून घेणारे) आहे. रुग्णालय नमुन्याचे आहे आणि साठ्याचे व रुग्णसंख्येचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. मात्रा, तापमान, मुदती आणि उपचाराचे निकष मात्र प्रत्यक्ष वापरातले आहेत.

तारीख १६ सप्टेंबर, सोमवार. फ्रीजमध्ये लाल पेशींच्या १६८ पिशव्या आहेत. आठवड्याची सरासरी मागणी ६८ पिशव्यांची, म्हणजे अडीच आठवड्यांचा साठा. व्यवस्थापनाच्या तक्त्यात हा रकाना हिरवा दिसतो. त्याच सकाळी थॅलेसेमियाच्या एका मुलाला रक्त लावता येत नाही, कर्करोग विभागाला प्लेटलेट मिळत नाहीत, डेंगूच्या रुग्णांचे नातेवाईक रक्तपेढीच्या दाराशी ताटकळत आहेत, आणि दहा दिवसांनी निदान चाळीस पिशव्या मुदत संपून टाकून द्याव्या लागणार हेही दिसते आहे. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे पाहायचे तर पिशव्या बाजूला ठेवून आधी वॉर्डांत कोण कोण दाखल आहे ते पाहावे लागते.

साठ्याचे वय

१६८ पैकी ११० पिशव्या १५ ऑगस्टच्या मोठ्या शिबिरातल्या आहेत. त्या दिवशी २५० जणांनी रक्तदान केले. सॅगएम या साठवणीच्या द्रावणातल्या लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ४२ दिवस टिकतात, म्हणजे या पिशव्यांची मुदत २६ सप्टेंबरला संपते. उरलेल्या ५८ पैकी १४ दिवसांच्या आतल्या, म्हणजे ताज्या म्हणाव्यात अशा, २२ आहेत: बी ८, ए ७, ओ ४, एबी ३.

जुनी पिशवी आधी काढायची हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण प्रत्येक आजाराला जुनी पिशवी चालत नाही. शस्त्रक्रिया, अपघात, पोटातला रक्तस्राव, बाळंतपण यांना पस्तीस दिवसांची पिशवीही चालते. थॅलेसेमियाच्या मुलाला ती द्यायची नसते, कारण त्याला रक्त आयुष्यभर लागणार आहे. पिशवीतल्या पेशी जितक्या जुन्या, तितक्या त्या शरीरात कमी दिवस टिकतात आणि पुढची फेरी लवकर येते. प्रत्येक फेरीबरोबर लोहही साठत जाते. पूर्ण पिशवीमागे हे लोह साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम असते आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून या मुलांसाठी दोन आठवड्यांच्या आतली पिशवी धरतात. नवजात बाळाचे रक्त बदलायचे असेल तर पाच ते सात दिवसांच्या आतलीच हवी, कारण जुन्या पिशवीत पोटॅशियम साचलेले असते.

आता हिशेब. आठवड्याच्या ६८ पिशव्यांपैकी १६ थॅलेसेमियाच्या आणि सुमारे ४ सिकलसेलच्या. त्या ताज्या लागतात. उरल्या ४८. दहा दिवसांत जुन्या पिशव्या खपतील त्या जास्तीत जास्त ६९. म्हणजे ११० पैकी किमान ४१ वाया जातील, तेही रोज मागणीनुसार नेमके गट जुळत गेले तर. आणि त्या २५० दात्यांपैकी पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे गावातले हक्काचे दाते १३ नोव्हेंबरपर्यंत बाद. शिबिराचा फोटो छान आला खरा, पण त्याने ताज्या रक्ताची विहीर तीन महिने कोरडी केली.

थॅलेसेमिया: ठरलेली, तरीही वाढत जाणारी मागणी

या रुग्णालयात थॅलेसेमिया मेजरची २४ मुले नोंदलेली आहेत. सरासरी वजन २५ किलो, दर तीन आठवड्यांनी रक्त, किलोमागे १५ मिली लाल पेशी. म्हणजे एका वेळी ३७५ मिली. ३५० मिली दानातून निघालेल्या लाल पेशींची पिशवी सुमारे २२० मिलीची धरली तर दोन पिशव्या. आठवड्याला आठ मुले, सोळा पिशव्या. रक्त लावण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन ९ ते १०.५ च्या दरम्यान ठेवायचे असते. त्याखाली जाऊ दिले तर मुलाची वाढ खुंटते, हाडांचा मगज फुगतो, प्लीहा वाढते. आणि प्लीहा वाढली की रक्त जास्तच लागायला लागते.

ही मागणी इतकी ठरलेली आहे की ती वर्षाच्या कॅलेंडरवर आधीच लिहिता येते. तरीही चूक होते, आणि ती अशी: रुग्णसंख्या तेवढीच आहे म्हणून मागणीही तेवढीच धरली जाते. मुले मात्र वाढत असतात. हीच २४ मुले सरासरी ४० किलोची झाली की एका वेळी ६०० मिली, म्हणजे तीन पिशव्या लागतील आणि आठवड्याला १६ च्या २४ होतील. एकही नवा रुग्ण न येता मागणी दीडपट. म्हणून या मुलांच्या यादीत नावापुढे रक्तगट लिहून भागत नाही, दर तीन महिन्यांनी वजनही लिहावे लागते.

या सोमवारी सुरू होणाऱ्या आठवड्यात आठ मुले यायची आहेत: ओ गटाची तीन, बी ची तीन, ए ची दोन. ओ च्या सहा पिशव्या हव्यात, ताज्या आहेत चार. ओ गटाच्या मुलाला दुसऱ्या गटाच्या लाल पेशी चालत नाहीत, त्यामुळे १६८ पिशव्यांच्या साठ्यावर बसूनही एक मूल परत जाते. गावाहून दोन एसटी बदलून आलेल्या आईला हे समजावणे फार अवघड. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत आणि बदली दाता न मागता द्यायचे असते. तरी अशा दिवशी ‘कुणी ओ पॉझिटिव्ह नातेवाईक आहे का’ हा प्रश्न हळूच विचारला जातो. विचारू नये.

शक्य तिथे या मुलांना पांढऱ्या पेशी गाळलेले आणि आरएच व केल हे (ए, बी, ओ खेरीजचे) गट जुळवलेले रक्त द्यावे. त्याबद्दल पुढे सिकलसेलमध्ये.

सिकलसेल: संख्या मोठी, पिशव्या थोड्या, पण निवडक

पूर्व विदर्भात सिकलसेल नवा नाही. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या, नोंदणी वाढली. या रुग्णालयात १८० रुग्ण नोंदलेले आहेत असे धरले, तर रक्तपेढीला वाटेल की थॅलेसेमियाच्या कितीतरी पट रक्त लागणार. तसे होत नाही. सिकलसेलच्या बहुतेक रुग्णांचे हिमोग्लोबिन ७ ते ९ च्या आसपास असते, त्यावर त्यांचे निभते, आणि नुसत्या दुखण्याच्या झटक्याला रक्त हा उपचारच नाही. पाणी, वेदनाशामक, गरज पडल्यास ऑक्सिजन, आणि पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून हायड्रॉक्सियुरिया. हायड्रॉक्सियुरिया नीट चालू असलेला दवाखाना रक्तपेढीच्या कित्येक पिशव्या वाचवतो.

रक्त लागते ते ठरावीक प्रसंगी: छातीचा तीव्र त्रास, पक्षाघात, लहान मुलाच्या प्लीहेत एकाएकी रक्त अडकणे, पार्व्हो विषाणूमुळे हाडांच्या मगजाचे काम थांबणे. इथे किती द्यायचे यापेक्षा कुठे थांबायचे हे महत्त्वाचे. हिमोग्लोबिन १० च्या वर नेले तर रक्त घट्ट होते, विळ्यासारख्या वाकड्या पेशी आणखी अडकतात आणि बरे करायला गेलेल्या रक्तानेच पक्षाघात ओढवू शकतो. म्हणून आधीच ८.५ असलेल्या आणि दम लागलेल्या रुग्णाला पिशवी नुसती चढवत नाहीत, रक्त बदलतात: एका हातातून काढायचे, दुसऱ्या हातात द्यायचे, सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली आणायचे. मोठ्या माणसाला एका वेळी सहा ते आठ पिशव्या लागतात. आठवड्याची सरासरी चार दिसते खरी, पण एखाद्या आठवड्यात शून्य आणि एखाद्या रात्री आठ, अशी ती सरासरी आहे.

खरी अडचण प्रतिद्रव्यांची (अँटिबॉडींची). वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दात्याच्या सी, ई अशा आरएच गटांविरुद्ध किंवा केलविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. काही महिन्यांनी त्यांचे प्रमाण इतके घटते की क्रॉसमॅच (रुग्णाचे आणि दात्याचे रक्त जुळते का ही चाचणी) साफ येतो. रक्त लावले की शरीराला जुनी ओळख पटते आणि साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिलेल्या पेशी फुटायला लागतात: कावीळ, काळसर लघवी, हिमोग्लोबिन पहिल्यापेक्षाही खाली. वॉर्डात याला ‘पुन्हा क्रायसिस आली’ म्हणतात आणि आणखी दोन पिशव्या मागवतात. अशा वेळी रक्तपेढीकडे नवा नमुना आणि अँटिग्लोब्युलिन चाचणीची (लाल पेशींना प्रतिद्रव्ये चिकटली आहेत का ते दाखवणारी) मागणी आधी जायला हवी, पिशवीची नंतर. रुग्णाच्या खिशात प्रतिद्रव्यांची नोंद असलेले कार्ड असेल तर हा सगळा प्रकार टळतो, कारण हा रुग्ण दर वेळी याच रुग्णालयात जाईल असे नाही.

शोध किती अवघड जाईल हे प्रतिद्रव्य कोणते त्यावर ठरते. केलविरुद्धचे असेल तर आपल्याकडे चिंता नाही, बहुतेक दाते केल निगेटिव्हच असतात. लहान ‘ई’ विरुद्धचे असेल तर मात्र जवळजवळ प्रत्येक पिशवी जुळत नाही, कारण तो अँटिजेन (पेशीवरची ओळखखूण) बहुतेक सगळ्यांत असतो. अशा एका रुग्णासाठी १६८ पिशव्यांचा साठा आणि रिकामे फ्रीज यांत फारसा फरक उरत नाही.

रक्ताचा कर्करोग: तीन खाटा, निम्म्याहून जास्त प्लेटलेट

कर्करोग विभाग नवा आहे, दहा खाटांचा. त्यातल्या तिघांना तीव्र ल्युकेमियासाठी पहिली जोरदार केमोथेरपी चालू आहे. औषधाने मगज रिकामा झाला की तीन-चार आठवडे प्लेटलेट शरीरात तयारच होत नाहीत. रक्तस्राव नसला तरी १०,००० च्या खाली आल्यावर त्या द्याव्या लागतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर २०,००० च्या आसपास.

एका रुग्णाला आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी पाच आरडीपी (दान केलेल्या रक्ताच्या पिशवीतून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट) धरल्या तर तिघांना ४५ आरडीपी. दात्याच्या एका पिशवीतून एकच आरडीपी निघते, म्हणजे या तीन खाटांमागे आठवड्याला ४५ दाते. शिवाय आठवड्याला माणशी दोन पिशव्या लाल पेशी. विभाग सुरू करताना खाटा, औषधे, परिचारिका यांचा विचार झाला. रक्तपेढीला मात्र उद्घाटनाची पत्रिका तेवढी आली, असे सर्रास घडते.

या रुग्णांचे रक्तघटक २५ ग्रे मात्रेच्या किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेले असावेत, विशेषतः दाता जवळचा नातेवाईक असेल तेव्हा. नाहीतर दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट पेशी रुग्णाच्या दुबळ्या शरीरात घर करून त्याच्यावरच उलटतात, आणि या गुंतागुंतीतून रुग्ण क्वचितच वाचतो. सोय नसेल तर ज्या मोठ्या केंद्राकडे आहे तिथून करून आणायची व्यवस्था आधीच लावलेली हवी. भावाचे ताजे रक्त ‘घरचे, म्हणून चांगले’ ही समजूत इथे घातक ठरते.

एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने घेतलेल्या प्लेटलेट, पाच-सहा आरडीपींच्या तोडीची असते. आठवड्याला तीन एसडीपी काढल्या तर ल्युकेमियाच्या नऊ मात्रांपैकी तीन भागतात आणि आरडीपीची गरज ४५ वरून ३० वर येते. तोच दाता ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून २४ वेळा ही मर्यादा. यादीत वीस-पंचवीस खात्रीचे एसडीपी दाते असले तर या विभागाचा बराच भार हलका होतो.

प्लेटलेट देऊनही आकडा वाढत नसेल तर लगेच मात्रा दुप्पट करू नये. रक्त लावल्यावर एका तासाच्या आत आकडा तपासावा. तेव्हा वाढून दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला असेल तर ताप, जंतुसंसर्ग, वाढलेली प्लीहा त्या खात आहेत. तासाभरातही वाढला नसेल तर प्रतिद्रव्यांचा संशय, आणि मग रक्तगट जुळणाऱ्या, ताज्या, शक्य झाल्यास एचएलए (ऊतींचा गट) जुळणाऱ्या प्लेटलेट शोधाव्या लागतात. दोन्हींत ‘अजून पाच द्या’ हे उत्तर नाही.

डेंगू: मागणीपत्रावरची मागणी

पंधरवड्यात डेंगूचे साठ रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या वीस जणांसाठी या आठवड्यात प्रत्येकी पाच आरडीपी मागवल्या गेल्या, म्हणजे शंभर. त्यातला एक नमुनेदार कागद असा: ‘डेंगू एनएस१ पॉझिटिव्ह, प्लेटलेट ३८,०००, आरडीपी ५, अर्जंट’. निदान आहे, आकडा आहे, पण ज्यावरून निर्णय होतो ते काहीच नाही. रक्तपेढीतून उलट फोन जातो तेव्हा पाच प्रश्न विचारायचे असतात. कुठून रक्तस्राव होतो आहे का? तापाचा कितवा दिवस? हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) दाखल होतानाच्या तुलनेत किती वाढले? रक्तदाब आणि नाडीदाब (वरच्या व खालच्या रक्तदाबातला फरक) किती? काही शस्त्रक्रिया किंवा सुई घालायची आहे का?

या पाचांत हिमॅटोक्रिटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. डेंगूमध्ये माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या पाण्यामुळे आणि त्यातून येणाऱ्या शॉकमुळे. हिमॅटोक्रिट २० टक्क्यांनी वाढले तर शिरेतून द्रव द्यायची घाई करायची असते. तेव्हा सगळे लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असते आणि नातेवाईक दात्यांच्या शोधात गावभर फिरत असतात. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत आकडा आपोआप चढतो. पपईच्या पानांच्या रसाला श्रेय मिळते ते याच दोन दिवसांचे. रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना २०,००० च्या खाली गेल्यावर प्रतिबंधक म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळत नाही, उलट दुष्परिणाम वाढतात, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे रक्तस्राव नसताना १०,००० च्या खाली विचार करायचा, आणि रक्तस्राव असेल तर आकड्याची वाट न पाहता द्यायच्या. या निकषाने वीसपैकी तिघे उरतात: पंधरा आरडीपी.

शंभर आणि पंधरा यांतल्या फरकाचा फटका बसतो तो ल्युकेमियाच्या वॉर्डाला. त्या ८५ आरडीपी जिथून जायच्या, तिथे खरोखर गरज होती. शिवाय डेंगूची साथ दातेही कमी करते: डेंगू होऊन गेलेल्याला बरे झाल्यावर सहा महिने रक्तदान करता येत नाही.

प्लेटलेट कुठे हरवतात

खरी गरज ६० आरडीपी: ल्युकेमियाच्या ४५ आणि डेंगूच्या १५. आठवड्याला ७५ दाते रक्त देतात, तरी आरडीपी तयार होतात ४५ च. तीस दाते तालुक्याच्या शिबिरातले असतात आणि त्यांच्या प्लेटलेट होत नाहीत. कारण साधे आहे. रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांच्या आत घटक वेगळे करावे लागतात, आणि तोवर पिशवी २० ते २४ अंशांना ठेवावी लागते. शिबिर सकाळी नऊला सुरू होते, भाषणे आणि सत्कार होतात, जेवण होते, गाडी संध्याकाळी सहा-सातला परत येते. शिवाय पिशव्या बर्फाच्या पेटीत घातलेल्या असतात. लाल पेशींना बर्फ चालतो. प्लेटलेट त्यात कामातून जातात. दुपारी एक वाजता एक गाडी परत पाठवली आणि पेटीत बर्फाऐवजी २० ते २४ अंशांना तापमान धरून ठेवणारे पॅक घातले तर तीसपैकी वीस पिशव्यांतून प्लेटलेट मिळतात. ज्या दात्यांनी गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली त्यांच्या पिशवीतून काढू नयेत. हा प्रश्न शिबिरात विचारलाच जात नाही.

दुसरी गळती वारांची. प्लेटलेट २० ते २४ अंशांना हलत्या तबकावर पाच दिवस टिकतात, पण विषाणूंच्या तपासण्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी येतो, म्हणजे हाती चारच दिवस. शिबिरे बहुतेक रविवारी. रविवारच्या प्लेटलेट सोमवारी दुपारी मिळतात आणि शुक्रवारी रात्री संपतात. शनिवार-रविवारी तबक रिकामे, आणि केमोथेरपीनंतरचा सर्वांत वाईट दिवस शनिवारी यायचा काही थांबत नाही. कॉलेजात बुधवारी किंवा गुरुवारी पंधरा-वीस दात्यांचे छोटे शिबिर घेतले तर ही फट बुजते. मोठ्या शिबिरापेक्षा याला प्रसिद्धी कमी मिळते, एवढाच तोटा.

वॉर्डातली तिसरी गळती: आणलेली प्लेटलेट परिचारिका सवयीने औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवते. ती परत घेता येत नाही. पिशवीवर ‘फ्रीजमध्ये ठेवू नका, लगेच लावा’ असे ठळक मराठीत छापून घ्यावे.

बाळंतपण, घोणस आणि प्लाझ्मा

महिन्याला अडीचशे बाळंतपणे होतात आणि बहुतेकांना एकही पिशवी लागत नाही. पण वार गर्भाशयात रुतून बसलेली एक केस दोन तासांत पंधरा पिशव्या लाल पेशी, दहा एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) आणि दहा क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, गोठणघटक एकवटलेला भाग) खाते. इथे सरासरीचा काहीही उपयोग नाही. सतत ठेवायचा तो पहिल्या अर्ध्या तासाचा साठा: ओ निगेटिव्हच्या चार, बाळंतिणीच्या गटाच्या बाकी, आणि वितळवायला तयार एबी गटाची एफएफपी, जी कुणालाही चालते. एफएफपी ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणून लेबर रूममधून ‘रक्तस्राव वाढतोय’ एवढा फोन आला तरी चार पिशव्या पाण्यात घालाव्यात. लागल्या नाहीत तर २ ते ६ अंशांना ठेवून चोवीस तासांत दुसऱ्याला देता येतात. फायब्रिनोजन (रक्त गोठवणारे प्रथिन) २०० च्या खाली असेल तर प्लाझ्मा ओतत बसण्यापेक्षा दहा क्रायो द्याव्यात. एका क्रायोत किमान १५० मिलिग्रॅम फायब्रिनोजन पंधरा-वीस मिलीत मिळते. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले.

रक्त वाचवायची जागा मात्र लेबर रूमच्या बरीच आधी आहे. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ७.५ असलेल्या बाईला शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचे औषध १,००० मिलिग्रॅम दिले तर ती बाळंतपणाला दहाच्या आसपास पोचू शकते. न दिले तर चौतिसाव्या आठवड्यानंतर ७ च्या खाली आलेली हीच बाई दोन पिशव्या मागते, आणि थोडासा जास्त रक्तस्रावही तिला झेपत नाही. गर्भवतींच्या तपासणीचा दवाखाना रक्तपेढीच्या नियोजनात कुणी धरत नाही, धरावा.

पावसाळ्यात घोणस चावलेले शेतकरी येतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवले आणि गोठले नाही, की एफएफपीची मागणी येते. विष शरीरात असेपर्यंत दिलेले गोठणघटकही ते खाऊन टाकते. आधी प्रतिविषाच्या कुप्या पुरेशा द्यायच्या, सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी करायची, आणि तरीही रक्तस्राव चालू असेल तर प्लाझ्मा. यकृताच्या जुन्या आजारात केवळ आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढला म्हणून दिलेली एफएफपीही अशीच फुकट जाते, वर पोटातले पाणी वाढवते. प्लाझ्माचा एकूण तुटवडा मात्र क्वचितच असतो: ७५ पिशव्यांमागे आठवड्याला जेमतेम वीस लागतात. उणे ३० अंशांना वर्षभर टिकतो, जास्तीचा अल्ब्युमिन आणि गोठणघटक बनवणाऱ्या कारखान्याला देता येतो.

सोमवारचा कागद

हे सगळे रक्तपेढीला आधी कळावे म्हणून दर सोमवारी तीन याद्या एकत्र करायच्या: थॅलेसेमियाच्या त्या आठवड्याच्या मुलांची (गट, वजन, जुळवायचे अँटिजेन), कर्करोग विभागाच्या केमोथेरपीची (औषध सुरू झाल्याची तारीख, म्हणजे प्लेटलेट कधी पडतील ते कळते) आणि शस्त्रक्रिया व जोखमीच्या बाळंतपणांची. या ठरलेल्या मागणीवर अपघात, रक्तस्राव आणि सिकलसेलच्या रक्तबदलासाठी राखीव साठा. हंगामाचा भाग शेवटी: जुलै ते ऑक्टोबर डेंगू, पेरणीपासून कापणीपर्यंत साप, मे महिन्यात आणि दिवाळीत दात्यांची सुट्टी.

शस्त्रक्रियेच्या यादीत वेगळी गंमत असते. प्रत्येक सिझेरियनसाठी दोन पिशव्या क्रॉसमॅच करून राखून ठेवल्या जातात, लागत एकही नाही. राखलेली पिशवी दोन दिवस कुणालाच मिळत नाही आणि तेवढी म्हातारी होते. क्रॉसमॅच केलेल्या आणि प्रत्यक्ष लावलेल्या पिशव्यांचे प्रमाण दोनाला एकच्या वर गेले, तर त्या शस्त्रक्रियेसाठी फक्त गट आणि प्रतिद्रव्य तपासणी करून ठेवावी. तपासणी साफ असेल तर गरज पडताच दहा मिनिटांत पिशवी देता येते.

१६ सप्टेंबरच्या त्या साठ्यापुरते करायचे ते असे. १५ ऑगस्टच्या पिशव्यांपैकी चाळीस त्याच दिवशी मोठ्या शस्त्रक्रिया-केंद्रांच्या रक्तपेढीकडे पाठवाव्यात. रक्त केंद्रांमध्ये अशी देवाणघेवाण चालते, मात्र शीतसाखळी तुटू न देता. २४ तारखेपर्यंत थांबले तर कुणी घेत नाही. ओ गटाच्या ज्या दात्यांनी ऑगस्टमध्ये रक्त दिले नव्हते त्यांना फोन करून सहा जणांना बोलवावे. तपासण्या होऊन बुधवारपर्यंत थॅलेसेमियाच्या त्या मुलाला रक्त लावता येते. डेंगूच्या वीस मागणीपत्रांवर पाच प्रश्नांची उत्तरे भरून घ्यावीत. तीन एसडीपी दात्यांना मंगळवार, गुरुवार आणि शनिवार अशा वेळा द्याव्यात. एवढ्याने आरडीपीची गरज ४५ वर येते आणि हाती ४५ आहेत. दुपारच्या गाडीच्या वीस मिळाल्या तर एखाद्या रात्रीच्या अपघातासाठी थोड्या उरतातही. त्यांतल्या काही वाया जातील. प्लेटलेटचा वाया जाणारा भाग शून्यावर आणायचा हट्ट धरला, तर तबक बहुतेक वेळा रिकामेच राहते.

आणि कर्करोग विभागात चौथा ल्युकेमियाचा रुग्ण दाखल होणार असेल, किंवा सहा महिन्यांच्या बाळाचे थॅलेसेमियाचे निदान नुकतेच झाले असेल, तर पहिली पिशवी लावण्याआधी गट, आरएच व केलचे अँटिजेन आणि प्रतिद्रव्य तपासणीचा नमुना रक्तपेढीत पोचलेला हवा. एकदा दात्याच्या पेशी मिसळल्या की रुग्णाचे स्वतःचे अँटिजेन साध्या चाचणीने पुढचे तीन महिने ओळखता येत नाहीत, आणि नेहमी रक्त घेणाऱ्याच्या बाबतीत तर कधीच.